घरातील झाडांची दुखणी: गोव्याच्या हवेत निदान आणि उपाय

कुंडीतील झाडाची पाने पिवळी पडू लागली की घरात पहिला प्रश्न निघतो तो "आता काय घालू?" असा. कोणी खत सुचवतो, कोणी ताक, कोणी कडुनिंबाचे तेल. आणि यांपैकी काहीतरी घातल्यावर झाड आणखी खालावले की रोपवाटिकेने झाडच वाईट दिले, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक नुसत्या पिवळ्या पानावरून कारण कळत नाही. मुळे कुजली तरी पान पिवळे पडते, माती कोरडी पडली तरी पडते, उजेड कमी झाला तरी पडते, आणि झाड पूर्ण निरोगी असतानाही सर्वांत खालचे जुने पान आयुष्य संपले की पिवळे होऊन गळते. म्हणून आधी निदान करावे आणि मगच उपायाला हात घालावा.

हे निदान करताना आपल्याकडे ऋतूचा विचार करावाच लागतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैमधले पिवळे पान आणि मार्चमधले पिवळे पान दिसायला सारखे असले, तरी पहिल्या झाडाचे पाणी बहुधा तोडावे लागते आणि दुसऱ्याला ते द्यावे लागते. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे सल्ले कोरड्या किंवा थंड हवेतील घरांसाठी लिहिलेले असतात. पानांवर रोज पाणी फवारा, खोलीतील आर्द्रता वाढवा, यांसारख्या सूचना आपल्याकडे पावसाळ्यात निरुपयोगी तर असतातच, पण त्या पाळल्यास बुरशीला आयते निमंत्रण मिळते.

आधी माती, मग मुळे, शेवटी पाने

तपासणीची सुरुवात मातीपासून करावी. जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि बाहेर काढून पाहावी. काडी ओलसर निघून तिला माती चिकटलेली असेल, तर वरची माती कितीही सुकलेली दिसत असली तरी झाडाला पाण्याची गरज नाही. वरचा थर पंख्याच्या वाऱ्याने काही तासांत सुकतो, पण खाली मुळांशी चिखल असू शकतो. केवळ वरून पाहून पाणी घालण्याच्या सवयीमुळे जितकी झाडे जातात, तितकी किडीमुळेही जात नसावीत, असे माझे मत आहे. कुंडी लहान असेल तर ती उचलून पाहण्याचीही सवय लावून घ्यावी. पाणी घातल्यानंतरचे वजन आणि माती सुकल्यावरचे वजन हाताला एकदा ओळखीचे झाले की काडीचीही गरज उरत नाही.

त्यानंतर कुंडीचा तळ पाहावा. छिद्रातून मुळे बाहेर आली आहेत का, छिद्र मातीने बुजले आहे का, आणि मुख्य म्हणजे तिथे कसला वास येतो, याकडे लक्ष द्यावे. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतर येतो तसा वास असतो. कुजक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास आला, तर मुळांशी हवा पोहोचत नाही असे खुशाल समजावे.

संशय आल्यास झाड कुंडीतून बाहेर काढण्याची भीती बाळगू नये. कुंडी आडवी धरून बाजूंनी थोपटावी, खोडाच्या बुंध्याशी बोटे पसरून मातीचा गोळा सावकाश बाहेर घ्यावा. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर असतात आणि हलकेच ओढली तर तुटत नाहीत. कुजलेले मूळ तपकिरी किंवा काळे, बुळबुळीत असते. ते चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा तंतू उरतो. हे एकदा नीट पाहिले की पुढे कधी शंका राहत नाही. मात्र काही झाडांची मुळे मुळातच रंगीत असतात, उदाहरणार्थ ड्रॅसिनाची मुळे नारिंगी दिसतात. म्हणून रंगापेक्षा मूळ घट्ट आहे की गिळगिळीत, हे अधिक महत्त्वाचे मानावे.

पाने तपासायची ती शेवटी, आणि तीही उलटून. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या, डाग कडेला आहेत की मध्ये, आणि पानाच्या पाठीवर काही हलते आहे का, या चार गोष्टींवरून पुढचा बहुतेक निर्णय होतो.

पावसाळ्यातील मुळांची कूज

झाड मरगळलेले आहे आणि माती मात्र ओली आहे, ही स्थिती दिसली की पाणी घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मुळे कुजल्यामुळे ती पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून भरपूर पाणी असूनही वरचे झाड तहानलेल्या झाडासारखे मान टाकते. या सारखेपणामुळेच बहुतेकांची फसगत होते. दोहोंतील फरक असा, की तहानलेल्या झाडाची पाने पातळ, कुरकुरीत होतात आणि कुंडी हलकी लागते. कुजणाऱ्या झाडाची पाने मऊ, पिवळी पडतात, बुंधा दाबल्यास आत जातो आणि कुंडी जड असते.

ही कूज घडवणारे जीव, म्हणजे पिथियम आणि फायटॉप्थोरा, पाण्यातूनच पसरतात. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेल्या घरांना फायटॉप्थोरा वेगळ्या नावाने परिचित आहे, कारण पावसाळ्यात सुपारीची कोवळी फळे गळवणारा कोळेरोग याच वंशातील जीवामुळे होतो. सुपारीला त्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. घरातील कुंडीत मात्र आधी पाणी आणि माती यांचा बंदोबस्त करावा लागतो, औषधाचे काम त्यानंतरचे.

झाड बाहेर काढून जुनी ओली माती झटकावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि कुजलेला सर्व भाग स्वच्छ, धारदार कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावा. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसावी. मुळे निम्म्याहून अधिक कापावी लागली असतील तर वरची पानेही त्या प्रमाणात कमी करावीत, कारण उरलेली मुळे एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. स्नेक प्लांट, झेडझेड किंवा कोरफड यांसारख्या मांसल झाडांना कापल्यानंतर एक-दोन दिवस सावलीत कोरडे ठेवून मगच लावावे. पातळ पानांच्या झाडांना लगेच लावावे. नवी कुंडी आधीपेक्षा मोठी घेऊ नये. उरलेल्या मुळांच्या मानाने कुंडी मोठी असली की तिच्यातील जादा माती दिवसचे दिवस ओली राहते आणि तोच आजार परत येतो. लावताना ट्रायकोडर्माची पावडर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात मिसळून मातीत घातली तर उपयोग होतो; मात्र ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक जिवंत बुरशी असल्याने तिच्यासोबत तांबेयुक्त बुरशीनाशक वापरू नये. यानंतर नवे पान फुटेपर्यंत खत अजिबात देऊ नये.

मातीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपली तांबडी जांभी माती आम्लधर्मी आणि लोहयुक्त असते, अंगणात ती उत्तम चालते. पण कुंडीत नुसती हीच माती भरली तर वारंवार पाणी घातल्याने तिचे बारीक कण घट्ट बसतात आणि वर विटेसारखा थर तयार होतो. याउलट रोपवाटिकेतून येणारी काही झाडे नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात, जे पावसाळ्यात आठवडाभरही ओले राहते. एक भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाड कण असलेले काहीतरी, असे मिश्रण आपल्या हवेत चांगले चालते. जाड कणांसाठी नदीची भरड वाळू, चिऱ्यांचा चाळलेला चुरा, भाताचे तूस किंवा करवंटीच्या कोळशाचे तुकडे यांपैकी जे सहज मिळेल ते घ्यावे. समुद्राची वाळू कधीही वापरू नये, कारण तिच्यातील मीठ मुळांना मारते. कोकोपीटमध्येही क्षार असू शकतात. म्हणून ते वापरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावे.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने पाणी लवकर निचरते, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. बारीक माती पूर्ण भिजल्याखेरीज पाणी खालच्या खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एक खापरी पुरेशी आहे. कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणीही अर्ध्या तासात ओतून टाकावे. ते मुळांसाठी जेवढे घातक, तेवढेच माणसांसाठी: डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

जून ते सप्टेंबरमध्ये पाणी घालण्याचे वेळापत्रक ठेवूच नये. घरातील स्नेक प्लांट आणि झेडझेड या काळात महिनाभर पाण्याविना सहज राहतात. मनी प्लांट, अरेका पाम आणि पीस लिली यांना काडी कोरडी निघाल्यावरच द्यावे.

पानांवरील डाग आणि कमी पडणारा उजेड

पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, हवा खेळत नाही, आणि पाने ओली राहतात. गोल तपकिरी डाग, भोवती पिवळे वलय, हे बुरशीजन्य करप्याचे नेहमीचे रूप आहे. डाग पाण्याने भिजल्यासारखे, काळपट आणि झपाट्याने पसरणारे असतील, तर तो जिवाणूंचा उपद्रव असू शकतो. दोन्हींत पहिले काम एकच: डागाळलेली पाने कापून घराबाहेर टाकावीत, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, पाणी पानांवरून न घालता मातीत घालावे, आणि दिवसातून काही तास पंखा लावावा. एवढे केले की बऱ्याचदा औषधाची गरजच पडत नाही. फॅलेनोप्सिस ऑर्किडला आपली दमट हवा मानवते, पण त्याच्या मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिले तर शेंडाच कुजतो. ते कापसाने टिपून घ्यावे.

उजेडाची उणीव हळूहळू जाणवते, म्हणून ती ओळखायला उशीर होतो. दोन पानांमधील पेरे लांबत जाणे, नवी पाने लहान येणे, पानांवरील पांढरे-पिवळे पट्टे जाऊन ती निव्वळ हिरवी होणे, आणि सगळे झाड खिडकीकडे झुकणे, ही तिची लक्षणे होत. दुपारी झाडाच्या जागी वीतभर उंचीवर तळहात धरून खालची सावली पाहावी. सावली ठळक असेल तर उजेड भरपूर, कडा पुसट असतील तर मध्यम, आणि सावली जवळजवळ दिसतच नसेल तर तिथे झेडझेड किंवा स्नेक प्लांटखेरीज काही तग धरणार नाही. ही परीक्षा जूनमध्ये पुन्हा करावी. खोल पडवी आणि उतरते कौलारू छप्पर असलेल्या जुन्या घरांत, मे महिन्यात पुरेसा उजेड असलेली बल्कांवाची, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीची, जागा ढगाळ जुलैमध्ये अंधारी होते. उलट राजांगण असलेल्या घरांत आतील चौकाच्या कडेची जागा वर्षभर उत्तम असते, फक्त पागोळ्यांची धार थेट कुंडीत पडणार नाही एवढे पाहावे.

ऑक्टोबरनंतर प्रश्न बदलतात

पाऊस थांबून ऊन तापले की चार महिने ढगाखाली राहिलेली पाने त्या उन्हाला सरावलेली नसतात. पश्चिमेच्या बाल्कनीत एका दुपारीच पानांवर पांढुरके किंवा तपकिरी, कागदासारखे सुके चट्टे उमटतात. हे चट्टे उन्हाकडच्या बाजूलाच असतात आणि पुढे पसरत नाहीत, यावरून ते रोगापासून वेगळे ओळखावेत. झाड उन्हात न्यायचे असल्यास आठवडाभर फक्त सकाळचे ऊन द्यावे आणि मग वेळ वाढवत न्यावा.

उन्हाळ्यात कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की ते पाणी धरत नाही. घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरते, ताटली भरते, आणि आपण झाडाला भरपूर पाणी दिले असा समज होतो. आतला गोळा मात्र कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीत वीतभर पाण्यात अर्धा तास बसवून ठेवावी आणि वरची माती ओली दिसू लागली की काढून निथळू द्यावी.

पानांची टोके तपकिरी होण्याचे कारण आपल्याकडे कोरडी हवा हे क्वचितच असते. वातानुकूलित खोली त्याला अपवाद आहे: यंत्राचा झोत थेट अंगावर येणाऱ्या अरेका पामची टोके सुकणारच, आणि त्यावर झाड हलवणे एवढाच उपाय आहे. इतरत्र आधी पाण्यातील आणि खतातील क्षारांवर संशय घ्यावा. किनाऱ्यालगतच्या गावांतील विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात आणि तेच पाणी कुंडीत गेल्यास मातीच्या पृष्ठावर, मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर जमू लागतो. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतून सर्व खालून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत रात्रभर ठेवल्यास बऱ्याच अंशी उडून जातो. क्षार मात्र उडत नाहीत. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले, पण पहिल्या एक-दोन सरींचे धरू नये, कारण त्यात छपरावरची धूळ उतरते. समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कनीत पावसाळी वाऱ्याबरोबर खारे तुषार येऊनही पानांच्या कडा करपतात; तिथे सर थांबली की पाने गोड्या पाण्याने धुवावीत.

खताच्या उणिवांचा विचार त्यानंतर करावा. जुनी पाने सरसकट फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. पावसात उघड्यावर असलेल्या कुंड्यांतून नत्र वाहून गेल्यामुळे सप्टेंबरअखेर असे दिसते, आणि मूठभर गांडूळ खताने ते भरून येते. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. एक लिटर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून द्यावे. हेच चित्र कोवळ्या पानांत दिसले तर लोह पोहोचत नाही. आपल्या लोहयुक्त मातीत हे विचित्र वाटेल, पण कुंडीत बांधकामाचा चुरा, सिमेंट किंवा चुना गेला की मातीची आम्लता कमी होते आणि असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. मासळी धुतलेले पाणी माडाला किंवा परसातील कढीपत्त्याला घालण्याची आपली जुनी पद्धत तिथे योग्यच आहे; बंद घरातील कुंडीत मात्र त्याने दुर्गंधी, माश्या आणि मुंग्या यांखेरीज काही पदरात पडत नाही. ताक, चहाचा चोथा आणि तांदळाचे धुवण यांचेही तेच.

तुळस

तुळशीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण ती वाळली की घरातील माणसांच्या मनाला लागते, आणि तिची काळजी घेण्याच्या पद्धतीतच तिच्या बऱ्याचशा दुखण्यांचे मूळ असते. तुळस उन्हात वाढणारी आहे. तिला दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवे, आणि सदनिकेच्या आतल्या कोनाड्यात ती महिन्या-दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. रोज सकाळी घातला जाणारा तांब्याभर पाण्याचा नेम उन्हाळ्यात उपकारक असतो, पण आषाढ-श्रावणात त्यानेच मुळे कुजतात. या काळात पाण्याचे चार थेंब मुळाशी अर्पण करून उरलेले वृंदावनाच्या पायथ्याशी सोडावे. दूध, हळद-कुंकू आणि निरांजनातील तेल मातीत पडू देऊ नये. खोडाशेजारी लावलेल्या ज्योतीच्या धगीने खालची साल भाजते, तेव्हा दिवा वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवावा.

तुळशीविवाहापूर्वी वृंदावन रंगवताना चुन्याचे ओघळ आत मातीत उतरतात, आणि काही आठवड्यांनी शेंड्याची पाने हिरव्या शिरा ठेवून पिवळी पडू लागतात. रंगकामाआधी मातीवर केळीचे पान किंवा प्लॅस्टिक अंथरले तर हे टळते. विवाहाच्या दिवशी ऊस आणि चिंच-आवळ्याच्या फांद्या मातीत रोवतात, त्यांनी अरुंद वृंदावनातील मुळे तुटतात. त्या वृंदावनाला बाहेरून बांधल्या तर विधीत उणे काही राहत नाही आणि झाडालाही इजा होत नाही.

कार्तिकानंतर तुळस सुकत जाणे पुष्कळदा आजार नसतो. मंजिऱ्या पक्व होऊन बी धरले की झाडाची वाढ मंदावते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत राहिल्यास झाड अधिक काळ टवटवीत राहते. थोड्या पिकू द्याव्यात आणि त्यांच्या बियांपासून दरवर्षी दोन-तीन रोपे तयार ठेवावीत. पाने कुरळी होऊन त्यांवर पांढुरके ठिपके आणि पाठीवर काळे कण दिसत असतील, तर तो जाळीदार पंखांच्या बारीक ढेकणांचा उपद्रव असतो. बाधित शेंडे छाटून जाळावेत आणि उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरकस फवारा द्यावा. तुळशीची पाने तीर्थात आणि पोटात जातात, म्हणून तिच्यावर रासायनिक कीटकनाशक वापरू नये.

किडी

बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण असतो. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन प्रत्येक पुंजका पुसून काढावा. थोडेच पुंजके असताना हा उपाय फवारणीपेक्षा खात्रीचा ठरतो. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा, कारण मुंग्या या किडीच्या गोड स्रावासाठी तिला जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. खोडावरच्या तपकिरी टणक फोडी नखाने सुटून आल्या तर ती खवले कीड. जुन्या दातघासणीने खरवडून साबणाच्या पाण्याने धुवावी.

लाल कोळी कोरड्या, उष्ण महिन्यांत येतो. पाने धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसू लागली तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले की निदान पक्के. उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठवड्याभरात पूर्ण होते, त्यामुळे एकदाच उपाय करून भागत नाही. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची पाठ जोरदार पाण्याने धुवावी आणि दर पाच-सहा दिवसांनी किमान तीनदा हेच करावे. मातीवर घुटमळणारी काळी चिलटे मात्र ओल्या मातीचीच खूण असते. वरचा बोटभर थर पूर्ण सुकू देणे, त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळणे आणि पिवळा चिकट सापळा लावणे, एवढ्याने ती हटतात.

माडाच्या सावलीत कुंड्या असतील तर पानांवर काळी काजळी चढण्याचा अनुभव अलीकडे अनेकांना येतो. ही काजळी बहुधा वरून येते: रुगोज नावाची पांढरी माशी, जी भारतात प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूत आढळली, माडाच्या झावळ्यांच्या पाठीवर चक्राकार मांडणीत अंडी घालते, आणि तिच्या चिकट स्रावाचे थेंब खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी वाढते. कुंडी हलवावी आणि पाने सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावीत. माडावर रासायनिक फवारणीच्या मागे लागू नये, कारण या माशीला आवर घालणारे एन्कार्सिया नावाचे सूक्ष्म परजीवी कीटक त्यात मरतात.

कडुनिंबाचे तेल वापरायचे असल्यास पाच मिलिलिटर तेलात आधी एक-दोन मिलिलिटर द्रव साबण घोटून मग एक लिटर कोमट पाण्यात मिसळावे, एका पानावर लावून एक दिवस परिणाम पाहावा आणि मगच संध्याकाळी फवारावे. उन्हात फवारल्यास पाने भाजतात, आणि फर्नच्या नाजूक पानांना ते सोसत नाही. किडीचे किंवा रोगाचे नाव ठरत नसेल तर बाधित पान कोरड्या कागदी पिशवीत घालून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवावे.

चतुर्थीला घर बंद ठेवताना

पणजी-वास्कोच्या सदनिकांतून गावच्या घरी आठ-दहा दिवस जाणाऱ्यांना झाडे सुकतील अशी धास्ती असते. भाद्रपदातील दमट हवेत सुकण्याचा धोका फारसा नसतो. बंद, अंधाऱ्या, कोंदट घरात ती कुजण्याचा असतो. निघताना भरभरून पाणी घालू नये. दोन दिवस आधी बेताचे पाणी द्यावे, ताटल्या रिकाम्या कराव्यात, कुंड्या सर्वांत उजेडाच्या खिडकीशी आणाव्यात, पडदे उघडे ठेवावेत आणि पाऊस आत येणार नाही अशी एखादी झडप किलकिली ठेवावी. मे महिन्यातील सुट्टीत मात्र उलट करावे: झाडे उन्हातून आत घ्यावीत, एकमेकांजवळ ठेवावीत आणि जाताना पोटभर पाणी द्यावे.

झाड वाचणार नसेल तेव्हा

बुंधा संपूर्ण मऊ झाला असेल, तर मुळे वाचवण्याचा खटाटोप सोडून वरचा निरोगी भाग काढून घ्यावा. मनी प्लांटचा तुकडा पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवावा, पेर पाण्यात बुडालेले असावे आणि पान वर. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलल्यास साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. स्नेक प्लांटचे पान वीतभर तुकड्यांत कापून खालची बाजू खालीच राहील अशा रीतीने ओलसर वाळूत रोवावे, उलटे रोवल्यास ते रुजत नाही; पिवळ्या कडांच्या जातीचे रोप मात्र पानापासून केल्यास नव्या रोपाला त्या कडा येत नाहीत, म्हणून तिचा बुंध्याजवळचा फुटवा वेगळा करून लावावा.

कुजलेल्या झाडाची माती दुसऱ्या कुंडीत किंवा तुळशीत टाकू नये. ती बाजूला साठवावी आणि एप्रिल-मेमध्ये किंचित ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ थरात पसरून, कडा चिऱ्यांनी दाबून चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापू द्यावी. मृगाच्या आधी ती काढून घेऊन तिच्यात कुजलेले शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळले की पुन्हा वापरता येते. रिकामी कुंडी घासून धुऊन त्याच उन्हात वाळवून ठेवावी.